एका रात्रीचं अंतर: परिषदेला रेल्वेने जाण्याचं नियोजन

परिषदेला विमानाने जायचं की रेल्वेने, हा प्रश्न बहुतेक प्राध्यापकांना आणि संशोधकांना फार उशिरा पडतो. निबंध स्वीकारल्याचं पत्र येतं, रजेचा अर्ज जातो, सादरीकरणाच्या स्लाइड अर्ध्या होतात आणि प्रवासाला आठ-दहा दिवस उरले की तिकिटाची आठवण होते. तोवर दिल्लीच्या राजधानीची वेटिंग लिस्ट लांबलेली असते, तत्काळचा भरवसा नसतो, आणि विमानात मात्र जागा असते. महाग असते, पण असते. मग रेल्वेने जमण्यासारखं नव्हतंच, अशी मनाची समजूत घातली जाते. ही समजूत बहुतेक वेळा खरी नसते. ज्या शहरात गाडी एका रात्रीत पोचवते तिथे रेल्वेने गेल्याने कामाचा वेळ जवळजवळ वाया जात नाही. अट एवढीच की निर्णय दोन महिने आधी, म्हणजे निबंध पाठवतानाच घेतलेला असावा. हा लेख त्या निर्णयाबद्दल आहे. तो महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत, महाविद्यालयांत आणि संशोधन संस्थांत काम करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे.

आधी वेळेचं पाहू, कारण खरा आक्षेप तोच असतो. मुंबईहून दिल्लीला विमान हवेत सव्वादोन तास असतं, आणि आपण तुलना करतो ती या सव्वादोन तासांची राजधानीच्या साडेपंधरा तासांशी. पण परिषदेला जाणारा माणूस विमानतळावर राहत नाही. डोंबिवली किंवा विरारहून विमानतळ गाठायला दीड-दोन तास, विमान सुटण्याआधी दोन तास, उतरल्यावर सामान घेऊन दिल्ली विद्यापीठाच्या नॉर्थ कॅम्पसपर्यंत आणखी दीड तास. एकूण सव्वासात ते पावणेआठ तास होतात, आणि ते सगळे जागेपणीचे, तुकड्यातुकड्यांचे. रांग, तपासणी, पुन्हा रांग, टॅक्सी. त्यात सलग तासभर वाचायला मिळाला तरी पुष्कळ. शिवाय सकाळी दहाला उद्घाटन असेल तर एक तर पहाटेच्या विमानासाठी रात्री दोनला घर सोडायचं, किंवा आदल्या संध्याकाळी जाऊन हॉटेलची एक रात्र भरायची. आता दुसरी बाजू. मुंबई सेंट्रलहून राजधानी संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमारास नवी दिल्लीला पोचते. त्या दिवशी दुपारपर्यंतचे तास घेऊन निघता येतं. गाडीत संध्याकाळचे चार-पाच तास सलग मिळतात, मग झोप. नवी दिल्ली स्टेशनाखालून जाणारी मेट्रोची पिवळी मार्गिका थेट विश्वविद्यालय स्टेशनला नेते. साडेपंधरा तासांतले सात-आठ तास झोपेचे, म्हणजे घरी असतानाही कामाला न येणारे. उरलेले तास विमानप्रवासाच्या तासांपेक्षा फार जास्त नाहीत आणि ते सलग आहेत, हे महत्त्वाचं.

या हिशेबातून एक मोजपट्टी हाताला लागते. गाडी संध्याकाळी किंवा रात्री सुटून सकाळी पोचवत असेल तर किलोमीटर किती याला महत्त्व नाही. मुंबई–दिल्ली रेल्वेमार्ग सुमारे १,३८४ किलोमीटरचा आहे. मुंबई–चेन्नई त्याहून थोडा कमी, पण त्या मार्गावर राजधानीसारखी गाडी नाही, त्यामुळे जवळजवळ अख्खं दिवसरात्र मोडतं. म्हणून दिल्ली ‘जवळ’ आहे आणि चेन्नई ‘लांब’. मुंबईकरांसाठी या पट्टीत दिल्ली, हैदराबाद, अहमदाबाद, गांधीनगर, इंदूर, भोपाळ, नागपूर, गोवा आरामात बसतात. अहमदाबाद आणि मडगावला तर वंदे भारतने दिवसाही जाता येतं, रात्रीचीही गरज नाही. पुणेकरांना सिकंदराबादची शताब्दी पहाटे सहाला पुण्याहून निघून दुपारी दोननंतर पोचवते. परिषद दुसऱ्या दिवशी सुरू होणार असेल तर ती उत्तम. दिल्लीसाठी मात्र पुण्याहून सुटणाऱ्या रोजच्या गाड्या एका रात्रीपेक्षा जास्त वेळ घेतात. तिथे सोपा मार्ग असा की सकाळच्या गाडीने कल्याण गाठावं आणि सीएसएमटीहून दुपारी चारच्या सुमारास सुटणारी राजधानी कल्याणला पकडावी. ती दुसऱ्या दिवशी सकाळी हजरत निजामुद्दीनला उतरवते. २०१९ साली सुरू झालेली ही गाडी नाशिक रोड आणि जळगावलाही थांबते, त्यामुळे उत्तर महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांना दिल्लीच्या राजधानीसाठी मुंबईपर्यंत येण्याची गरजच उरली नाही. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडच्या लोकांना हैदराबाद रात्रभरात गाठता येतं. नागपूरची गोष्ट वेगळीच आहे. देशाच्या मधोमध असल्याने दिल्ली आणि हैदराबाद रात्रीच्या टप्प्यात, मुंबई आणि पुणेही टप्प्यात, चेन्नई आणि कोलकाता किंचित बाहेर. नागपूरच्या प्राध्यापकाने देशांतर्गत परिषदेला विमानाने जायचं असेल तर त्याला खरंच काही खास कारण लागेल. आणि अखिल भारतीय परिषद कुठे भरवावी हा विषय निघाला की नागपूरचं नाव याच कारणासाठी पुढे यायला हवं. ते फारसं येत नाही, याचं नवल वाटतं.

वेळ सारखाच जात असेल तर मग रेल्वेचा आग्रह कशासाठी? धुरासाठी. इथे एक नेहमीचा आक्षेप येतो: आपली रेल्वे विजेवर धावते खरी, पण ती वीज कोळशाचीच ना? आक्षेप रास्त आहे, त्याला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवं. विमानाचं इंधन किलोभर जळलं की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मुंबई–दिल्ली एकेरी फेरीला एका साध्या १८० आसनी विमानाला चार टनांच्या आसपास इंधन लागतं असं धरलं आणि दीडशे-पावणेदोनशे प्रवासी धरले, तर माणशी ७२ ते ८४ किलो येतात. आता राजधानी. इंजिन, डबे, प्रवासी मिळून गाडीचं वजन साडेबाराशे टन धरा, दर हजार टन-किलोमीटरला वीस युनिट वीज धरा, वर डब्यांच्या वातानुकूलनाचे आणि दिव्यांचे सात हजार युनिट वेगळे धरा. सगळे मिळून ४२ हजार युनिट होतात. देशातल्या विजेचं सरासरी उत्सर्जन युनिटमागे ०.७ किलोच्या थोडं वर आहे, म्हणजे तीस टन. अकराशे प्रवाशांत वाटले की माणशी २७ किलोच्या आसपास. हा हिशेब ढोबळ आहे आणि मुद्दाम रेल्वेच्या विरोधात झुकवलेला आहे, कारण वातानुकूलित डब्यात माणसं कमी आणि वजन जास्त असतं. स्लीपर डब्यात हाच आकडा आणखी खाली येतो. तरीही राजधानीचा आकडा विमानाच्या एक तृतीयांशच भरतो. त्यात विमानं उंचावर सोडतात त्या वाफेच्या रेषांचा परिणाम अजून धरलेलाच नाही. जगाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानवाहतुकीचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास असला, तरी तिच्यामुळे होणाऱ्या तापमानवाढीचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या जवळ मोजला गेला आहे, तो या इतर परिणामांमुळे. आणि विजेत सौर-पवनाचा वाटा वाढेल तसा रेल्वेचा आकडा आपोआप घटत जाईल. विमानाच्या इंधनाबाबत असं नजीकच्या काळात काही होण्याची चिन्हं नाहीत.

‘मी गेलो नाही तरी विमान उडणारच आहे’ असं म्हणणारे बरेच भेटतात. त्या दिवसाचं विमान उडणारच, हे खरं. पण कुठल्या मार्गावर किती फेऱ्या ठेवायच्या हे कंपन्या तिकिटांच्या मागणीवरूनच ठरवतात, आणि मागणी म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्यांची बेरीज. दुसरे म्हणतात, देशाच्या उत्सर्जनात प्राध्यापकांचा विमानप्रवास तो किती! देशाच्या हिशेबात तो नगण्यच आहे. पण व्यक्तीच्या हिशेबात नाही. भारतीय माणसाचं वर्षाचं सरासरी उत्सर्जन दोन टनांच्या आसपास असतं. वर काढलेल्या आकड्याने दिल्लीची एक जाऊन-येऊन विमानफेरी त्याच्या आठ टक्के होते. वर्षात तीन-चार परिषदा करणाऱ्याची बेरीज कुठे जाते ते पाहा. मोठ्या आंतरराष्ट्रीय अधिवेशनांत तर प्रमाणच सुटतं. अमेरिकन जिओफिजिकल युनियनच्या २०१९ च्या सॅन फ्रान्सिस्को अधिवेशनाला सुमारे २८ हजार शास्त्रज्ञ जमले होते आणि त्यांच्या प्रवासातून सुमारे ८० हजार टन उत्सर्जन झाल्याचा हिशेब पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. माणशी जवळपास तीन टन. म्हणजे एका आठवड्याच्या अधिवेशनासाठी सरासरी भारतीयाच्या वर्षभराहून जास्त, आणि तेही पृथ्वीविज्ञानाच्या अभ्यासकांकडून. जे लोक वर्गात आणि निबंधात हवामानबदल शिकवतात, त्यांच्या वागण्याकडे विद्यार्थी बघत असतात.

न उडल्याने करिअर मागे पडेल, ही भीती तरुण संशोधकांना जास्त वाटते आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. ओळखी परिषदांतच होतात. पण दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. रेल्वेने जाणं म्हणजे न जाणं नव्हे. परिषद तीच, ओळखी त्याच. आणि जास्त उडणारे जास्त चांगलं संशोधन करतात का, हे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात तपासलं गेलं आहे. तिथल्या अभ्यासकांनी आपल्याच सहकाऱ्यांच्या विमानप्रवासाची नोंद त्यांच्या संशोधनाशी ताडून पाहिली. २०१९ साली आलेला निष्कर्ष असा की विमानप्रवास आणि संशोधनाचं वजन यांचा संबंध दिसत नाही. संबंध दिसला तो विमानप्रवास आणि पगार यांचा.

आता प्रत्यक्ष तयारी. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी ते १२० दिवस आधी उघडायचं. आपलं सगळं नियोजन या साठ दिवसांवर बेतायला हवं. निबंध पाठवला त्याच दिवशी परिषदेच्या तारखांच्या साठ दिवस मागे कॅलेंडरमध्ये खूण करावी: जाण्याच्या तिकिटासाठी एक, परतीच्या तिकिटासाठी दुसरी, कारण परतीचं आरक्षण तीन-चार दिवसांनी उघडतं आणि ते विसरणाऱ्यांची संख्या मोठी आहे. सकाळी आठला आरक्षण सुरू होतं तेव्हा बसावं. स्वीकृतीचं पत्र आलेलं नसेल तरी तिकीट काढावं. बरेच दिवस आधी रद्द केलेल्या तिकिटावर थोडीच रक्कम कापली जाते, आणि तेवढी जोखीम घेण्यासारखी आहे. राजधानी, शताब्दी, दुरांतोला २०१६ पासून फ्लेक्सी भाडं आहे. जागा विकल्या जातील तसं मूळ भाडं ठरावीक मर्यादेपर्यंत टप्प्याटप्प्याने चढतं, म्हणून पहिल्या दिवशी काढलेलं तिकीट स्वस्तही पडतं. इथे स्पष्ट सांगायला हवं की राजधानीचं सेकंड एसी बरेचदा आधी काढलेल्या विमान तिकिटाच्या जवळपास जातं. पैसे वाचतील म्हणून रेल्वेने जा, असा सल्ला सरसकट देता येणार नाही. वाचते ती हॉटेलची एक रात्र आणि टॅक्सीचं भाडं.

कन्फर्म तिकीट हाती नसेल तर रेल्वेचा आग्रह सोडावा. आरएसी म्हणजे साइड लोअरचा एक बर्थ दोघांत. उद्या निबंध वाचायचा आहे आणि आज रात्रभर बसून जायचं, यात काही पुरुषार्थ नाही. वेटिंगचं ई-तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं, ते घेऊन आरक्षित डब्यात चढता येत नाही. तत्काळ एसीसाठी आदल्या दिवशी सकाळी दहाला उघडतं आणि त्यासाठी आता आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं लागतं. ते आत्ताच करून ठेवावं, पण तत्काळवर नियोजन बेतू नये. मधल्या स्टेशनावर चढणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: त्यांच्या वाट्याला येणारी वेटिंग लिस्ट बहुधा पुढे सरकत नाही. कल्याण किंवा नाशिक रोडहून राजधानी पकडायची असेल आणि तिथून जागा नसेल, तर तिकीट सीएसएमटीपासून काढून बोर्डिंग स्टेशन कल्याण किंवा नाशिक रोड ठेवावं. भाडं थोडं जास्त पडतं, पण जागा मिळण्याची शक्यता वाढते.

बर्थ निवडताना झोपेइतकाच कामाचा विचार करावा. लोअर बर्थ सगळ्यांना हवा असतो, पण दिवसा तो समोरच्या-वरच्यांचं बसायचं बाक असतो, आणि झोपायची अधिकृत वेळ रात्री दहा ते सकाळी सहा. संध्याकाळी सहाला चढून शांतपणे वाचायचं असेल तर सेकंड एसीचा अप्पर बर्थ सर्वांत चांगला: पडदा ओढा, वाचायचा दिवा लावा, कोणी उठवत नाही. थर्ड एसीत मिडल बर्थ टाळावा, कारण तो उघडणं-बंद करणं इतरांच्या मर्जीवर असतं. कामाची निवडही जपून करावी. धावत्या गाडीत तासन्‌तास टंकलेखन होत नाही, मान आखडते आणि लॅपटॉप हलत राहतो. वाचन, छापील मसुद्यावर पेन्सिलीने दुरुस्त्या, स्लाइडवरून नजर फिरवणं, आपल्या सत्रातल्या इतरांचे निबंध वाचून त्यांना विचारायचे प्रश्न काढणं, ही कामं गाडीत फार चांगली होतात, आणि यातलं शेवटचं काम विमानाने जाणारा सहसा करतच नाही. नेटवर्कच्या भरवशावर राहू नये. कसारा घाटात किंवा रतलाम-कोटाच्या मधल्या पट्ट्यात ते वारंवार जातं. लागणाऱ्या फाइल आधी उतरवून घ्याव्यात. पोस्टर सादर करणार असाल तर त्याची लांब नळी विमानाच्या केबिनमध्ये नेताना वाद होतात, रेल्वेत ती बर्थखाली किंवा भिंतीकडेला निमूट राहते.

दुसरी तयारी कार्यालयातली. प्रवासाचे जास्तीचे दिवस रजेत कसे बसवायचे, हा प्रश्न कॉलेजातल्या शिक्षकाला तिकिटापेक्षा मोठा वाटतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत परिषदा, कार्यशाळा, उजळणी वर्ग यांसाठी शैक्षणिक वर्षात ३० दिवसांपर्यंत ड्युटी लीव्ह देण्याची तरतूद आहे. रात्रीच्या गाडीने जाणाऱ्याचा दिल्लीसाठी जास्तीत जास्त अर्धा दिवस वाढतो. तो अर्जातच प्रवासाचा वेळ म्हणून लिहावा, गाडीचा क्रमांक आणि सुटण्याची-पोचण्याची वेळ देऊन. मंजुरी देणाऱ्याला तक्रार असते ती संदिग्धतेची, तपशिलाची नसते. प्रवासभत्त्याबाबत, केंद्र सरकारच्या नियमांत वेतनस्तर ६ ते ११ साठी विमानाचा इकॉनॉमी वर्ग किंवा रेल्वेचा सेकंड एसी, दोन्ही चालतात, म्हणजे केंद्रीय संस्थांत काम करणाऱ्याला रेल्वे निवडायला वेगळी परवानगी लागत नाही. राज्य विद्यापीठांनी आणि खासगी संस्थांनी आपापले नियम केलेले असतात, ते लेखा विभागाकडून आधीच विचारून घ्यावेत. फ्लेक्सी भाडं पूर्ण मिळणार का, ई-तिकिटाची छापील प्रत पुरते का, मेट्रोचा खर्च धरतात का. हे तीन प्रश्न आधी विचारले तर परतल्यावरच्या चकरा वाचतात.

रेल्वेच्या अडचणीही आहेत. पहिली धुक्याची. आपल्या परिषदांचा मोसम डिसेंबर-जानेवारी. इंडियन हिस्ट्री काँग्रेससारखी मोठी अधिवेशनं डिसेंबरअखेरीस भरतात आणि नेमका तेव्हाच गंगेच्या मैदानात धुक्याने गाड्या तासन्‌तास रखडतात. मुंबईहून दिल्लीला जाणारी गाडी या पट्ट्यात शेवटचे काही तासच असते, त्यामुळे तिला फटका कमी बसतो. लखनौ, वाराणसी, पाटण्याला जाणाऱ्या गाड्यांना मात्र चांगलाच बसतो. या दिवसांत तिकडच्या परिषदेला जायचं तर एक दिवस आधी पोचावं, आणि पहिल्या दिवशीच्या सकाळच्या सत्रात आपला निबंध ठेवू नये असं संयोजकांना आधीच कळवावं. दुसरी अडचण परतीची. दिल्लीहून मुंबईच्या राजधान्या संध्याकाळी पाचच्या आसपास सुटतात आणि समारोप बहुधा तेव्हाच चाललेला असतो. म्हणजे शेवटचं सत्र सोडावं लागतं किंवा एक दिवस थांबावं लागतं. इथे विमान खरोखर सोयीचं ठरतं, हे मान्य करायला हवं. थांबणं शक्य असेल तर त्या जादा दिवसाचं काम आधी ठरवावं: राष्ट्रीय अभिलेखागारात अर्धा दिवस, एखाद्या विभागात व्याख्यान, सहलेखकाबरोबर बैठक. शक्य नसेल तर जाताना रेल्वे आणि येताना विमान, असं करायला काही हरकत नाही. एक तृतीयांश धूर वाचला, तो वाचलाच.

तिसरी अडचण एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रियांची. त्यांना धीट व्हा असं सांगणं हे उत्तर नाही. गाडी निवडतानाच पोचण्याची वेळ उजेडातली धरावी, अनोळखी शहरात मध्यरात्री किंवा पहाटे तीनला उतरवणारी गाडी स्वस्त असली तरी टाळावी, ४५ वर्षांवरील स्त्रियांना लोअर बर्थच्या कोट्याचा लाभ मिळतो तो मागावा, आणि १३९ हा रेल्वेचा मदत क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवावा. गाडीत त्रास झाला तर या क्रमांकावरून रेल्वे सुरक्षा बलापर्यंत तक्रार पोचते. एवढं करूनही कोणाला रात्रीची गाडी नको वाटत असेल, कोणाची पाठ दुखत असेल, कोणाच्या घरी तान्हं मूल असेल, तर विमानाने जाण्याबद्दल त्यांना कोणी जाब विचारू नये.

जाब विचारायचाच तर तो आधी ज्यांना विमानाचा हक्क आहे त्यांना विचारावा. यूजीसीची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती महिना ३७ हजारांची आहे, आणि बहुतेक पीएचडीच्या विद्यार्थ्यांना तीही मिळत नाही. ते आजही स्लीपरनेच परिषदांना जातात. रेल्वेने जाणं हा त्यांच्यासाठी आदर्श नाही, परिस्थिती आहे. गाडीने जावं हा मुद्दा विभागप्रमुखांना, वरिष्ठ प्राध्यापकांना आणि प्रमुख पाहुण्यांना लागू आहे, आणि ते गाडीने जाऊ लागले तर परिषदेचं वेळापत्रकही आपोआप गाडीच्या वेळेला जुळायला लागेल.

कारण या सगळ्यातला सर्वांत मोठा अडसर प्रवासी नसून संयोजक आहेत. आपल्याकडे कितीतरी परिषदांची स्वीकृतीपत्रं दोन-तीन आठवडे आधी निघतात, कार्यक्रमपत्रिका तर आदल्या आठवड्यात. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि पत्र वीस दिवस आधी येतं, तेव्हा संयोजकांनी नकळत सगळ्यांना विमानात बसवलेलं असतं, आणि ज्यांना ते परवडत नाही त्यांना दारातच अडवलेलं असतं. तुम्ही कधी संयोजन समितीवर असाल तर एवढ्या गोष्टींचा आग्रह धरा. स्वीकृतीपत्रं किमान पंचाहत्तर दिवस आधी जावीत. पहिल्या दिवसाची नोंदणी अकराला सुरू व्हावी, म्हणजे सकाळच्या गाडीने उतरलेला माणूस आंघोळ करून येऊ शकेल. त्यासाठी वसतिगृहाच्या दोन खोल्या सकाळी सातपासून उघड्या ठेवल्या तरी पुरतं. समारोप दुपारी दोनला उरकावा. परिपत्रकात ‘विमानतळापासून अंतर’ या ओळीच्या वर जवळचं स्टेशन, तिथे सकाळी पोचणाऱ्या गाड्या आणि स्टेशनहून येण्याची सोय लिहावी. खर्च देत असाल तर रेल्वेचं तिकीट दाखवणाऱ्याला जास्तीच्या रात्रीचा मुक्काम द्यावा, विमानभाड्यापेक्षा तो स्वस्तच पडतो. यातल्या एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही, कॅलेंडर सुमारे दोन महिने आधी हलवावं लागतं. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाने तर रेल्वेने सहज जाता येणाऱ्या शहरांची यादीच केली आणि तिथे विमानाने जायचं नाही असं धोरण ठरवलं. आपल्या एखाद्या विद्यापीठाने ‘एका रात्रीच्या’ शहरांची अशी यादी छापली, तर लेखा विभाग आणि शिक्षक दोघांचंही काम सोपं होईल.

एका रात्रीच्या पलीकडच्या शहरांबाबत मी एवढा ठाम नाही. मुंबईहून हावड्याला गीतांजलीने तीस तासांच्या आसपास लागतात, दुरांतोला थोडे कमी. गुवाहाटी किंवा तिरुवनंतपुरम त्याहून कठीण. दोन दिवसांच्या परिषदेसाठी जाण्या-येण्यात तीन दिवस घालवा असं शिक्षकाला सांगणं म्हणजे त्याच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांचे तास घेणं. तिथे आधी विचारावं की जाणं गरजेचं आहे का. पंधरा मिनिटांचा निबंध वाचून दुसऱ्या दिवशी परतायचं असेल तर ऑनलाइन सादरीकरणच बरं. जायचंच असेल तर एकाच फेरीत दोन-तीन कामं बांधावीत: कोलकात्याला परिषद, नंतर आठवडाभर नॅशनल लायब्ररी किंवा एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात वाचन, आणि जाताना किंवा येताना एकदा तरी रेल्वे. उन्हाळ्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीला लागून परिषद असेल तर हे जमतं. परदेशी परिषदेला विमानाशिवाय इलाज नाही, पण तिथे उतरल्यावरचे टप्पे आपल्या हातात असतात. पॅरिसला उतरून ब्रुसेल्स, ॲम्स्टरडॅम किंवा कोलोनला जायला जोडविमान घेण्याची गरज नाही. या शहरांना थेट वेगवान गाड्या आहेत, आणि त्यांची तिकिटंही आपल्यासारखीच, आधी काढली तर स्वस्त पडतात. व्हिसाच्या अर्जाला प्रवासाची रूपरेषा जोडावी लागते, तेव्हाच हा टप्पा गाडीचा म्हणून लिहून टाकावा.